मस्करीन बेटांचा निसर्गेतिहास : साक्षींची चिकित्सा

१

निसर्गाचा इतिहास हा शास्त्रज्ञांचा विषय आणि ग्रंथांची चिकित्सा हा भाषा-साहित्याच्या अभ्यासकांचा, अशी एक विभागणी आपल्या विद्यापीठीय जीवनात रूढ झालेली आहे. ती सोयीची आहे. परंतु सर्वत्र टिकणारी नाही. जी जीवजाती आज जिवंत आहे तिचे निरीक्षण करता येते. जी नष्ट झाली तिच्याविषयीचे आपले ज्ञान मात्र पुष्कळ अंशी शब्दांतून व चित्रांतून आलेले असते. कोणी एकाने पाहिले, दुसऱ्याने ते लिहून ठेवले, तिसऱ्याने त्याची नक्कल केली आणि चौथ्याने त्या नकलेवर भाष्य रचले. अशा ठिकाणी निसर्गेतिहास ही एक पाठपरंपराच होऊन बसते, आणि पाठपरंपरेला जे नियम लावावयाचे ते तिलाही लावणे प्राप्त होते.

हिंदी महासागरातील मस्करीन बेटे, म्हणजे मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज, ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. ही तिन्ही बेटे ज्वालामुखीजन्य आहेत, मोठ्या भूखंडांपासून दूर आहेत, आणि मनुष्याची कायमची वस्ती तेथे सतराव्या शतकापूर्वी नव्हती. त्यामुळे तेथील मूळ जीवसृष्टीचे वर्णन आणि तिचा विनाश या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. ज्यांनी वर्णन केले तेच विनाशाला कारण झाले. साक्षीदार आणि आरोपी एकच असल्यावर साक्ष कशी तोलावी, हा प्रश्न न्यायशास्त्रात जितका बिकट तितकाच इतिहासातही आहे. या बेटांविषयी ज्या कथा आज सर्वतोमुखी झाल्या आहेत त्यांतील काही या कसोटीवर उतरत नाहीत, आणि त्या उतरत नाहीत हे ओळखण्यावर उरलेल्या जीवसृष्टीचे भवितव्य काही अंशी अवलंबून आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठवाड्यातील अभ्यासकाला इतक्या दूरच्या बेटांचे अगत्य का असावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर पायाखालच्या खडकात आहे. देवणी, उदगीर, निलंगा या भागांत विहीर खणताना जो काळा कातळ लागतो तो लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे जे खोल वेधन करण्यात आले त्यात या थरांची एकूण जाडी सुमारे ३३८ मीटर भरली; त्याखाली गाळाचा एक पातळ थर आणि मग अतिप्राचीन खडक लागला. दख्खनचे हे लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. पुष्कळ भूवैज्ञानिकांच्या मते, ज्या खोल उष्णस्थानातून हा रस वर आला तेच आज रियुनियनच्या खाली आहे. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या उष्णस्थानाच्या खुणा मागे राहिल्या. लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या प्रवाळांखालची ज्वालामुखीय पर्वतरांग, त्यानंतर मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, अशी ती माळ आहे. मॉरिशसचा समुद्रावर आलेला सर्वांत जुना खडक सुमारे ८० ते ९० लाख वर्षांचा आहे. रियुनियनचा सुमारे २० लाख वर्षांचा. रियुनियनवरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अद्याप वारंवार जागृत होतो.

हा सिद्धांत सर्वमान्य नाही. दख्खनच्या उद्रेकाला इतर कारणे सुचविणारे अभ्यासकही आहेत. शिवाय तो खरा मानला तरी त्यातून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही, याची मर्यादा आखून घेतली पाहिजे. देवणीचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ यांचा उगम एक असू शकेल. पण तेथील वनस्पती व प्राणी यांचा आपल्या भूमीशी त्यामुळे कोणताही वारसा सिद्ध होत नाही. मॉरिशस कोणत्याही भूखंडाला कधी जोडलेले नव्हते. तेथील प्रत्येक जीव समुद्र ओलांडून आलेला आहे. कोणी वाऱ्यावर आला, कोणी प्रवाहावर तरंगत, कोणी पक्ष्याच्या पोटातून. म्हणूनच तेथे वटवाघळांखेरीज भूचर सस्तन प्राणी मुळीच नव्हते. चरण्याचे काम महाकाय कासवांनी पत्करले आणि जंगलाच्या जमिनीवरील फळे वेचण्याचे काम कबुतराच्या कुळातून निघालेल्या एका मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याने. तोच डोडो होय.

मराठीत ‘बेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पाण्याने वेढलेली भूमी हा एक, आणि बांबूचे किंवा झाडांचे दाट पुंजके हा दुसरा. समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसालाही दुसऱ्या अर्थामुळे बेटाची कल्पना येते : भोवतालच्याहून वेगळे, आतल्या आत वाढलेले, आणि म्हणूनच एकदा तोडले की पुन्हा सहजी न उभे राहणारे. परिस्थितिविज्ञानाला बेटाविषयी जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा या अर्थात येऊन जातो.

३

डोडोविषयी सर्वसामान्य वाचकाच्या मनात जी प्रतिमा आहे ती अशी : एक लठ्ठ, बावळट पक्षी, त्याला पळता येत नसे, भय ठाऊक नव्हते, खलाशांनी त्याला मारून खाल्ले आणि तो संपला. ही प्रतिमा कोठून आली, याचा माग काढू लागले म्हणजे पाठचिकित्सेतील एका मूलभूत तत्त्वाची आठवण होते. हस्तलिखिते मोजावयाची नसतात, तोलावयाची असतात. एका सदोष प्रतीच्या शंभर नकला उपलब्ध असल्या तरी साक्षीदार एकच असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात डॉ. वि. स. सुखठणकर यांच्या नेतृत्वाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊ लागली तेव्हा प्रतींची वंशावळ लावणे हे पहिले काम ठरले, ते याच कारणामुळे. डोडोच्या चित्रांची अशी वंशावळ लावली तर काय दिसते?

डच ताफा मॉरिशसला लागला तो १५९८ मध्ये. त्यांनी बेटाला राजपुत्र मॉरिट्सचे नाव दिले आणि या पक्ष्याला ‘वाल्खफोगेल’, म्हणजे वीट आणणारा पक्षी, असे नाव दिले. या नावाचे कारण त्यांच्याच वृत्तान्तात आहे. मांस जितके अधिक शिजवावे तितके ते चिवट होई, आणि चवीला चांगली कबुतरे व पोपट तेथे मुबलक होते. यानंतर थोड्याच वर्षांनी ‘जेल्डरलँड’ या जहाजाच्या १६०१ ते १६०३ च्या रोजनिशीत काही रेखाटने आली. ती बेटावरच, प्रत्यक्ष पक्षी समोर असताना काढलेली आहेत असे मानले जाते, आणि त्यांतील पक्षी पुढच्या प्रसिद्ध चित्रांइतका स्थूल नाही. परंतु ही रोजनिशी दीर्घकाळ अप्रकाशित राहिली. लोकांपुढे आली ती रूलांट साव्हेरी या चित्रकाराची तैलचित्रे. त्याने युरोपात बसून, बंदिवासातील किंवा पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून, डोडो अनेकदा रंगविला. १६२६ च्या सुमाराचे त्याचे एक चित्र पुढे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आले. त्याच्या पुतण्याने, यान साव्हेरीने, १६५१ मध्ये आणखी एक चित्र काढले. पुढील दोनशे वर्षांतील अगणित चित्रे यांच्याच नकला होत. म्हणजे शेकडो चित्रे, परंतु स्वतंत्र साक्षीदार मोजकेच.

या परंपरेबाहेरची एक साक्ष आपल्या देशातील आहे, आणि ती विशेष मोलाची आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ नंतरच्या काही वर्षांत सुरतेला दोन डोडो पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. जहांगीराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे एक चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहात आहे. त्यात डोडोच्या भोवती आपल्याकडील परिचित पक्षी काढलेले आहेत. ते सर्व पक्षी ओळखू येतात इतके यथातथ्य आहेत. तेव्हा मधल्या अनोळखी पक्ष्याबाबतही चित्रकाराने तोच काटेकोरपणा ठेवला असावा, असे अनुमान करता येते. ज्ञाताच्या आधारे अज्ञाताची विश्वसनीयता ठरविण्याची ही रीत ग्रंथचिकित्सकाला अपरिचित नाही.

हाडांची साक्ष याच दिशेने जाते. १८६५ मध्ये मॉरिशसमधील शाळाशिक्षक जॉर्ज क्लार्क यांना मार ओ साँज या दलदलीत डोडोची हाडे विपुल सापडली. त्यांवरून पुढे जी गणिते झाली त्यांत अँड्र्यू किचनर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस या पक्ष्याचे वजन सुमारे १० ते १८ किलोग्रॅम ठरविले. जुन्या समजुतीपेक्षा ते बरेच कमी आहे. २०१६ मध्ये कवटीच्या अंतर्भागाचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यावरून त्याच्या मेंदूचे शरीराशी प्रमाण इतर कबुतरांसारखेच होते असे दिसते. १८४८ मध्ये स्ट्रिकलंड व मेलव्हिल यांनी डोडो हा कबुतरांचा आप्त असल्याचे प्रतिपादिले होते. २००२ मध्ये जनुकीय तपासणीने ते पक्के झाले, आणि आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातलग निकोबारी कबूतर ठरला.

तेव्हा ‘बावळट’ हे विशेषण पक्ष्याच्या स्वभावाचे वर्णन नसून साक्षीदाराच्या मनोवृत्तीचे आहे. ज्या प्राण्याने कधी भूचर शत्रू पाहिला नाही तो माणसापासून पळत नाही. यात मूर्खपणा नाही, अनुभवाचा अभाव आहे. परंतु मरणारा मूर्ख ठरला की मारणाऱ्याची जबाबदारी हलकी होते. १८६५ मध्येच लुईस कॅरोलच्या ‘ॲलिस’च्या कथेत डोडो विनोदी पात्र म्हणून अवतरला. एकाच वर्षी एका बाजूला हाडे वर येत होती आणि दुसऱ्या बाजूला प्रतिमा अढळ होत होती. जिंकली ती प्रतिमा.

४

तो कशाने नष्ट झाला, याविषयीही लोकप्रिय उत्तर तपासून घेतले पाहिजे. खलाशांनी तो मारला हे खरेच आहे. परंतु केवळ शिकारीने संपूर्ण जाती नष्ट व्हावी इतकी माणसे सतराव्या शतकात तेथे नव्हती. डच वसाहत १६३८ मध्ये स्थापन झाली, १६५८ मध्ये सोडून देण्यात आली, १६६४ मध्ये पुन्हा वसली आणि १७१० मध्ये कायमची उठली. त्यांच्या फ्रेडरिक हेन्ड्रिक किल्ल्याच्या उत्खननात जे खाद्यावशेष मिळाले त्यांत डोडोची हाडे आढळली नाहीत. अर्थात हे अवशेष त्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत; त्या वेळी पक्षी आधीच दुर्मिळ झाला असणे शक्य आहे. म्हणून या पुराव्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. परंतु माणसांबरोबर जे आले त्यांचा हिशेब निराळा आहे. जहाजांतील उंदीर व आग्नेय आशियातील माकडे शतकाच्या आरंभीच तेथे पोहोचली होती. १६०६ मध्ये मातेलीफ याने डुकरे व बकऱ्या सोडल्या. १६३९ मध्ये जावाहून हरणे आणि ऊस आले. जमिनीवर घातलेले अंडे या सर्वांच्या तोंडी आयतेच होते. जो पक्षी खलाशाच्या काठीला पुरून उरला असता तो त्याच्या मागून आलेल्या उंदराला, डुकराला व माकडाला पुरला नाही.

शेवटचा डोडो केव्हा दिसला, या प्रश्नात तर निव्वळ भाषिक अडचण आहे. फोल्कर्ट एव्हर्ट्स याने १६६२ मध्ये किनाऱ्याजवळच्या एका लहान बेटावर डोडो पाहिल्याचे वर्णन सर्वसाधारणपणे विश्वसनीय मानले जाते. पुढे १६८० च्या दशकात लामोतियस या डच अधिकाऱ्याच्या रोजनिशीत ‘डोडार्स’ मारल्याच्या नोंदी आहेत. त्या ग्राह्य धरल्या तर अंत आणखी पंचवीसएक वर्षांनी पुढे जातो, आणि २००३ मध्ये गणिती पद्धतीने जो अंदाज करण्यात आला तोही १६९० च्या आसपासचा आहे. परंतु अँथनी चेक या अभ्यासकाचे म्हणणे असे की, खरा डोडो संपल्यावर ते नाव पाणकोंबडीच्या कुळातील एका तांबूस, न उडणाऱ्या पक्ष्याला लागले. शब्द टिकला, वाच्यार्थ बदलला. मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. अर्थांतराची कितीतरी उदाहरणे त्याच्या नित्य परिचयाची आहेत. तथापि कोशात अर्थ बदलला तर फक्त नोंद बदलते. येथे अर्थ कोणता घ्यावयाचा यावर एका जातीच्या मृत्यूची तारीख ठरते. नोंदींतील वर्णन इतके त्रोटक आहे की दोन्ही पक्षांना जागा राहते. आमच्या मते १६६२ नंतरच्या नोंदी संशयित पाठ म्हणून कंसात ठेवणे हेच शिस्तीचे होईल.

५

येथवर भोळ्या विश्वासाची उदाहरणे पाहिली. परंतु अतिरिक्त संशय हाही चिकित्सेचा दोषच आहे, आणि त्याचे उदाहरण रॉड्रिग्ज बेटाने पुरविले आहे. फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित काही सोबत्यांसह १६९१ ते १६९३ या काळात त्या निर्जन बेटावर राहिला. १७०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात तेथील ‘सॉलिटेअर’ या पक्ष्याचे सविस्तर वर्णन आहे. हा पक्षी डोडोचा नातलग. तो जोडीने राहतो, एकच अंडे घालतो, आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही. पंखाच्या सांध्यावर बंदुकीच्या गोळीएवढी हाडाची गाठ असते आणि तिने तो भांडतो, असे लेगा सांगतो. कासवांचे थवे इतके दाट असत की त्यांच्या पाठींवरून बरेच अंतर चालून जाता येई, असेही तो लिहितो.

हे सर्व इतके नवलाचे होते की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही साहित्याभ्यासकांनी ते पुस्तक कल्पित प्रवासकथांच्या वर्गात टाकले. त्यांचा युक्तिवाद साहित्यप्रकाराच्या दृष्टीने निराधार नव्हता. त्या काळी कल्पित प्रवासवर्णनांची लाट होती, आणि लेगाच्या पुस्तकात इतरांच्या पुस्तकांतून उचललेले भागही आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकातच रॉड्रिग्जच्या गुहांतून सॉलिटेअरची हाडे निघाली होती आणि न्यूटन बंधूंनी त्यांचे वर्णन केले होते. पंखाच्या हाडावर ती गाठ होती. जी गोष्ट कल्पून लिहिणे सर्वांत असंभाव्य, तीच प्रत्यक्षात खरी ठरली. पाठचिकित्सेत ‘दुर्घट पाठ’ अधिक ग्राह्य मानतात, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. लेगाची गाठ हा निसर्गेतिहासातील दुर्घट पाठ होय. ज्यांनी केवळ शैली पाहून ग्रंथ नाकारला त्यांनी एका लुप्त जातीविषयीचा सर्वांत समृद्ध साक्षीदार गमावला असता. लेगाची कासवेही पुढे जहाजांतील अन्न म्हणून हजारोंनी नेली गेली आणि एकोणिसावे शतक उजाडता उजाडता संपली.

याच्या उलट टोकाला बेर्नार्दां द सँ-पिएर याची ‘पॉल ए व्हिर्जिनी’ ही १७८८ मधील कादंबरी उभी आहे. लेखक १७६८ ते १७७० या काळात मॉरिशसला होता. १७४४ मध्ये ‘सँ-जेराँ’ हे जहाज फुटल्याची घटना खरी आहे. भूगोलही खरा आहे. पण निष्पाप निसर्गाचे प्रतीक म्हणून जी बाग त्याने नायकाभोवती उभी केली तीत बाहेरून आणून लावलेल्या झाडांचा मोठा भरणा आहे. वाचकाला जो आदिम निसर्ग वाटला तो वस्तुतः वसाहतीचा मळा होता. त्याच सुमारास बेटाचा प्रशासक प्येर प्वाव्र जंगलतोडीने पाऊस कमी होतो असे बजावीत होता, आणि १७६९ मध्ये वनरक्षणाचे नियम झाले होते. रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात आधुनिक निसर्गरक्षणाच्या विचाराचे एक उगमस्थान येथे दाखविले आहे. कादंबरीने युरोपला रडविले. नियमांचा कागद मात्र अभ्यासकांपुरता राहिला.

६

आता आपल्या काळातील एका कथेकडे वळू. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सुंदर कल्पना मांडली. मॉरिशसमध्ये तांबालाकोक नावाचे एक झाड आहे. आपल्या मोहाच्या कुळातले. त्याची मोजकीच, तीनशे वर्षांहून जुनी झाडे उरली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते, या झाडाची कठीण आठळी डोडोच्या जठरात घासली जाऊनच रुजत असे. डोडो गेला आणि झाडाची संतती थांबली. प्रयोगादाखल त्यांनी टर्की पक्ष्यांना १७ फळे खाऊ घातली. ७ आठळ्या चिरडल्या, १० शाबूत निघाल्या आणि त्यांतील ३ रुजल्या.

ही कथा पाठ्यपुस्तकांत गेली, कारण ती कथा म्हणून निर्दोष आहे. एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या वांझपणाला कारण, असा हा शोकात्म बंध आहे. परंतु प्रयोग म्हणून तिच्यात उघड उणीव आहे. न खाल्लेल्या आठळ्या त्याच वेळी पेरून तुलना केलेली नव्हती. आणि पक्ष्याच्या पोटात न जाता आठळ्या रुजल्याच्या नोंदी १९४० च्या दशकातच झालेल्या होत्या. मॉरिशसच्या वनखात्यातील वहाब ओवादली यांनी १९७९ मध्ये त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. झाडे सांगितली त्याहून अधिक आहेत आणि त्यांत तरुणही आहेत, असे त्यांनी दाखविले. १९९१ मध्ये विटमर व चेक यांनी सविस्तर परीक्षण करून मूळ प्रतिपादन फेटाळले.

यावर कोणी म्हणेल की, कथा चुकीची असली तरी तिने लोकांचे लक्ष बेटाकडे वेधले. मग तिला इतके छेडण्याचे प्रयोजन काय? हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. निदान चुकले की उपचार चुकतो. झाड डोडोवाचून रुजत नसेल तर टर्की आणून फळे चारणे हा उपाय ठरतो. झाडाचा ऱ्हास माकडांनी कोवळी फळे तोडल्याने, डुकरांनी व हरणांनी रोपे उद्ध्वस्त केल्याने आणि चिनी पेरूच्या दाट झाळीने रोपांना उजेड न मिळाल्याने होत असेल, तर कुंपण घालणे आणि परकी झुडपे उपटणे हा उपाय ठरतो. पहिला उपाय नाट्यमय आहे. दुसरा कष्टाचा, कंटाळवाणा आणि वर्षानुवर्षे चालणारा आहे. मॉरिशसमध्ये मूळ स्वरूपाचे चांगले जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, आणि ते जेथे सावरले तेथे दुसऱ्याच उपायाने सावरले.

कारणांचे अचूक वाचन काय करू शकते याची उदाहरणे तेथेच आहेत. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल, म्हणजे खरूचीच्या जातीचा तेथील लहान शिकारी पक्षी, रानात अवघा चार उरला होता. १९९० च्या सुमारास रानातील गुलाबी कबुतरे दहाच्या आसपास होती. प्रत्येकाच्या ऱ्हासाचे कारण वेगळे शोधावे लागले : घरट्यांतील अंडी खाणारे प्राणी, हिवतापासाठी फवारलेले विषारी औषध, उपासमार. कार्ल जोन्स व त्यांचे सहकारी यांनी अंडी उबविणे, खाद्य पुरविणे, उंदीर आवरणे अशी कामे चिकाटीने केली आणि या दोन्ही जाती शेकड्यांवर पोहोचल्या. राउंड बेटावरून १९७९ मध्ये बकऱ्या व १९८६ मध्ये ससे काढून टाकल्यावर तेथील झाडोरा पुन्हा उठला. एग्रेत बेटावर, लुप्त कासवांच्या जागी आल्दाब्राहून आणलेली महाकाय कासवे सोडली, तेव्हा त्यांच्या पोटातून गेलेले अबनुसाचे बी अधिक चांगले रुजते असे आढळले. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्याच वंशातले आहे. टेंपल यांनी मांडलेले तत्त्व, म्हणजे बी आणि ते खाणारा प्राणी यांचे परस्परावलंबन, सर्वस्वी खोटे नव्हते. झाड व प्राणी यांची जोडी पुराव्याविना ठरविली गेली होती. तेच तत्त्व कासव आणि अबनूस यांच्याबाबतीत नीट तुलना करून तपासले तेव्हा उपयोगी पडले. हा किनारा अद्याप निर्धास्त नाही. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज एग्रेत बेटाजवळच्या प्रवाळावर चढले आणि पुढील महिन्यात त्यातील तेल समुद्रात पसरले.

७

शेवटी, जे साक्षीदार कधी बोलावलेच गेले नाहीत त्यांचा उल्लेख केला पाहिजे. आतापर्यंत ज्यांची नावे आली ते कप्तान, अधिकारी, प्रवासी व शास्त्रज्ञ होते. जंगल प्रत्यक्ष तोडले ते गुलामांनी. आणि १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत राबले ते करारबद्ध भारतीय मजूर. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, प्रामुख्याने कोकणातले, मराठी लोक होते. मॉरिशसच्या पश्चिम भागातील कास्कावेलसारख्या वस्त्यांत त्यांचे वंशज आजही आपली भाषा व सण सांभाळून आहेत, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. बेटाच्या निसर्गेतिहासाशी मराठी भाषेचा संबंध येतो तो येथे, आणि अगत्याच्या प्रश्नाचे दुसरे उत्तरही हेच आहे. अनोळखी झाडाला त्या लोकांनी कोकणातल्या कोणत्या झाडाचे नाव दिले, कोणते रोप घरासमोर लावले, रानातील कोणत्या प्राण्याला भ्याले, हा मजकूर रोजनिशीत सापडावयाचा नाही. गाण्यांत, म्हणींत व घरगुती बोलीत शोधावा लागेल.

अशा अलिखित ज्ञानाचे मोल देवणीच्या परिसरात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या गावाचे नाव जगात पोहोचले ते देवणी गोवंशामुळे. हा वंश काही बेटावर एकाकी पडून घडलेला नाही. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या मिश्रणातून, पिढ्यानुपिढ्या डोळसपणे निवड करणाऱ्या माणसांच्या हातांनी तो घडला असे मानतात. वन्नेरा, बाळंक्या, शेवेरा हे त्यातील भेद रंगखुणांवरून ओळखले जातात, आणि ही नावे व हे निकष पशुवैद्यकाच्या पुस्तकात येण्यापूर्वी गुरे राखणाऱ्यांच्या तोंडी होते. डच अधिकाऱ्याने दोन भिन्न पक्ष्यांना एकच नाव दिले असावे. देवणीच्या गुराख्याने एकाच वंशातील तीन भेदांना तीन नावे दिली. नामकरणाची सूक्ष्मता विद्येवर अवलंबून नसून सहवासावर अवलंबून असते, एवढे या तुलनेतून निश्चित दिसते.

सारांश, मस्करीन बेटांच्या निसर्गेतिहासातून चिकित्सेचे चार नियम हाती लागतात. नकलांची संख्या म्हणजे पुराव्याचे बळ नव्हे. शब्द तोच राहिला तरी वस्तू तीच राहिली असे गृहीत धरू नये. विलक्षण साक्ष केवळ विलक्षण म्हणून नाकारू नये. आणि सुंदर स्पष्टीकरण केवळ सुंदर म्हणून स्वीकारू नये. हे नियम आमच्या पदव्युत्तर वर्गांत जुन्या पोथ्यांच्या संदर्भात शिकविले जातातच. आपल्या माळांवरील गवते, पक्षी, जनावरे यांविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, आणि जे अद्याप बोलीतच आहे, त्यालाही ते लावण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनी अंगावर घेतले पाहिजे. पोथी जळाली तरी तिची दुसरी प्रत कोठे तरी मिळण्याची आशा असते. जीवजातीच्या बाबतीत तशी दुसरी प्रत नसते, म्हणून तिच्याविषयीचा पाठ ती जिवंत असतानाच शुद्ध करून ठेवणे अगत्याचे आहे.